बाहेरून कुलूप

त्या दिवशी मी पंखा बंद केला. कुलूप रोजचंच होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण हात लांब करून मी पंख्याचं बटण खाली केलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्या घराला रस्त्यावर एक दार आहे आणि मागं परसात दुसरं. दोन्हींच्या मधे, भिंतीला लागून, एक माणूस तिरपा होऊन जाईल एवढा बोळ. गेल्या वर्षी कधीतरी मी एक युक्ती काढली. सकाळी साडेअकराला पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं, बोळातून मागं यायचं, परसाचं दार आतून लावायचं आणि दोन वाजेपर्यंत 'बाहेर' जायचं. म्हणजे असायचं घरातच, पण गल्लीच्या लेखी नसायचं. पहिल्या दिवशी फार अपराधी वाटलं. स्वतःच्याच घरात चोरासारखी पाय न वाजवता फिरत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र त्या अडीच तासांची इतकी चटक लागली, की रविवारी सगळे घरात असले की मला कुलपाची आठवण यायची.

माझा धंदा चटणीचा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळा मसाला घालून डंकावर कुटून आणलेलं, बरणीत दाबून भरलेलं, वर हिंगाचे खडे ठेवलेलं. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला. दोन्हींचं प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. पूर्वी फाल्गुन-चैत्रात घरोघरी हा सोहळा असायचा. आता निम्म्या घरांत माणसं नाहीत, उरलेल्या निम्म्यांत वेळ नाही, म्हणून माझं चालतं. बेळगावच्या रविवार पेठेतून मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्यायची, मसाला भाजायचा, डंकावर न्यायचा. जूनमध्ये एकदा आमचा तो बारीक, न थांबणारा पाऊस लागला की वाळवणाचं नावच नको. म्हणजे वर्षाचा माल तीन महिन्यांत करायचा आणि उरलेले नऊ महिने तो विकत, राखत, ओल लागू नये म्हणून त्याच्याकडे बघत बसायचं.

दुकान असतं तर शटर असतं. घराला शटर नसतं.

"तुम्ही घरीच असता ना," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकत असेन. ते कुणी वाईट मनानं म्हणत नाही, उलट आपुलकीनंच म्हणतात. त्या आपुलकीपोटी तीन घरांचे गॅस सिलिंडर माझ्या दारात उतरतात, चार घरांची कुरिअरं माझ्या सह्यांनी येतात, समोरच्यांची किल्ली माझ्या खुंटीला असते. नळाला पाणी आलं की नोकरीवर गेलेल्या दोघीजणी मला फोन करतात, "जरा आमचा कॉक सुरू कर गं." आणि गिऱ्हाईक तर काय, भाजी चुलीवर टाकून येतं. "अक्का, खारपुडी ऐतेन्री?", म्हणजे तिखट आहे का, म्हणून एक कन्नड आजी बरोबर दुपारी पाऊण वाजता यायच्या. पावशेर घ्यायच्या, पण सुनेचं सगळं सांगून मगच जायच्या. तोवर कढईतले तीळ जळून काळे. जळक्या तिळाचा एक कडवट वास असतो, तो नाकात बसला की पुढचा घाणाही जळलाय की काय असंच वाटत राहतं.

तेव्हा मी उपाय शोधायला लागले. डायरी आणली. पहिल्या पानावर 'सकाळी ५ ते ७' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, चौथ्या पानावर दुधाचा हिशोब सुरू झाला. मग मुलीनं मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावून दिला. ही पद्धत म्हणे एका इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या शेवटी काढली. त्याच्याकडं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ होतं, म्हणून तिचं नाव पोमोदोरो, त्यांच्या भाषेत टोमॅटो. पंचवीस मिनिटं मान खाली घालून काम, मग पाच मिनिटं उठायचं, परत पंचवीस. मुलगी मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होती आणि मला एकदम हसू फुटलं. कारण पंचवीस हा आकडा मी लहानपणापासून ओळखत होते.

निपाणीत आमच्या आत्तीचा विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडगा, पंचवीसचा असायचा.

आत्ती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं ते तंबाखू आंदोलनाच्या वर्षी, १९८१ला, जेव्हा शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला होता आणि पुढं गोळीबार झाला. घरात अजून सगळ्या तारखा त्यावरूनच मोजतात, 'रस्ता अडवला त्याच्या आधी' आणि 'नंतर'. सासर दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं शाळा सुटली की मी तिच्याच उंबऱ्यावर. ती दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसलेली. मांडीवर सूप. सुपाच्या एका कडेला जर्दा, दुसऱ्या कडेला कापलेली पानं. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेली असायची, त्यांचा आणि तंबाखूचा मिळून एक उग्र, ओलसर वास त्या खोलीच्या भिंतींत मुरलेला होता. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या मापानं कातरी फिरवायची. पानाची शीर आडवी येऊ द्यायची नाही. मग चिमूटभर जर्दा पसरायचा, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, दोरा फिरवायचा, तोंड नखानं आत मोडायचं. हे सगळं मी लिहिलं एवढ्या वेळात तिच्या तीन विड्या झाल्या असत्या. ती हाताकडं बघायचीच नाही. बघायची आमच्याकडं, चुलीकडं, रस्त्याकडं.

आणि मी "आत्ती, भूक लागली" म्हटलं की ती म्हणायची, "कट्टा हू दे." भात उतू जायला आला तरी "कट्टा हू दे". दारात कुणी आलं तर "बसा, एवढा कट्टा हू दे." पंचवीस झाल्या की दोरा आवळून कट्टा सुपात टाकायची आणि मग उठायची, कमरेवर हात ठेवून, एकदा "आई गं" म्हणून. भात ढवळायची, मला भाकरी द्यायची, पोराचं नाक पुसायची, परत येऊन बसायची. रोजच्या हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे. म्हणजे चाळीस वेळा बसायचं आणि चाळीस वेळा उठायचं. तिला कुणी टोमॅटो दिला नव्हता. आणि गंमत अशी, की लोकही थांबायचे. कट्टा होईस्तोवर गल्लीतल्या बायका मुकाट्यानं उंबऱ्यावर टेकायच्या, कारण त्यांच्याही मांडीवर घरी सूप होतं. हातातलं काम म्हणजे काय, हे त्या गल्लीला माहीत होतं. माझ्या गल्लीला ते कळत नाही, कारण मी काम करताना कशी दिसते हे कुणाला माहीतच नाही. ती दार उघडं टाकून काम करायची, मी कुलूप लावून करते.

पण उगाच त्या दिवसांचे गोडवे गायला नकोत. आत्तीचा उजवा खांदा आता वर जात नाही, वेणी घालायला सुनेला बोलवावं लागतं. खोकला तर कायमचाच. संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसापुढं टोपली घेऊन उभं राहायचं, तो मूठभर विड्या उचलून बघायचा आणि "ह्या बाद" म्हणून बाजूला टाकायचा. बाद झालेल्यांचे पैसे नाहीत, आणि त्यातली पानं कमी पडली तर तीही हिच्याच नावावर. घरात बसून मिळणारं काम, असं त्याला सगळे म्हणायचे. म्हणजे बाईची सोय. मला फार उशिरा कळलं की ती सोय कुणाची होती. शेडचं भाडं नाही, दिव्याचं बिल नाही, पाण्याचा माठ नाही, आणि शाळेतून आलेली भाची फुकटात पानं कापून देते! मीही कापलीत, चौथीत असल्यापासून. कायद्याचं मात्र कौतुक वाटतं. विडी कामगारांचा १९६६चा कायदा होता, त्यात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगारच म्हटलं होतं. आत्तीकडं तिचं कार्ड होतं, फोटोवालं, ते देवाच्या फळीवर ठेवलेलं असायचं.

माझ्याकडं अशी दोन कागदं आहेत. एक अन्न सुरक्षेची नोंदणी, मी काढली तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत झाली, तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर ती पुरायची. दुसरं जीएसटीचं, आणि त्याची कथा फक्त सीमेवरच्या माणसालाच नीट समजेल. मी चटणीचं पाकीट इथून पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला पाठवलं, तर ४० लाखांची उलाढाल होईपर्यंत मला जीएसटी नोंदणीची गरज नाही. पण स्कूटरवरून अर्ध्या तासात शिनोळीला नेऊन विकलं, तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी, कारण शिनोळी महाराष्ट्रात. आता बेळगावातल्या मराठी बाईची चटणी जाणार कुठं? चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापूरला, तिथून पुण्याला. बहिणी-भावजया सगळ्या तिकडं. घेतला नंबर. घेतल्यावर कळलं, की कुटुंबप्रमुख बाई किंवा तिचा नवरा जीएसटीची विवरणपत्रं भरत असेल तर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार बंद. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मीच. म्हणजे सरकारच्या दप्तरात मी चांगली व्यापारी आहे, सवलतीला अपात्र ठरण्याएवढी. फक्त गल्लीच्या दप्तरात मी घरीच असते. आणि खरं सांगायचं तर आमच्या घराच्या दप्तरातही नोंद अजून झालेली नाही. यांची उद्यमबागला फाउंड्रीत नोकरी, तिथं भोंगा आहे, गेट आहे, पंच आहे. संध्याकाळी आले की ते हातपाय धुऊन 'सुटतात'. मला ते 'सुटणं' बघत राहावंसं वाटतं. रात्री अकराला पुण्याहून कुणीतरी मेसेज टाकतं, 'ताई जागी आहेस का, दोन किलो हवी होती', आणि मी जागी असते.

घराचंही काही खरं राहिलेलं नाही. पुढची खोली पोत्यांनी भरली, पाहुण्याला बसायला लावायचं म्हणजे आधी धण्याचं पोतं हलवायचं. पडदे, उशा, मुलीचा गणवेश, सगळ्याला तिखटाचा वास. ती एकदा म्हणाली, वर्गात तिच्या शेजारची मुलगी शिंकते. हसत हसतच सांगितलं, पण त्यानंतर तिचे कपडे मी गच्चीऐवजी परसात वाळत घालायला लागले. हात किती धुतले तरी रात्री डोळ्याला बोट लागलं की आग होते. किंमत लावताना मात्र यातलं काही धरता येत नाही. "घरगुतीच आहे ना, मग एवढी महाग कशी?" यावर उत्तर द्यायला मी अजून शिकते आहे. काट्यावर पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणतो, तसं लोक माझं घर, माझी दुपार, माझा पंखा वजा करून मग चटणीचं वजन करतात. मीही तेच करत आले, म्हणून तर दोन वर्षं नफा झाला असं मला वाटत होतं.

तर ते कुलूप. त्या अडीच तासांत जे काम होतं ते आख्ख्या दिवसात होत नाही, हे कबूल करायलाच हवं. पाकिटं भरून होतात, चिकटवून होतात, वहीत नोंदी होतात. आणि हेही कबूल करते, की त्यातली अर्धी घटका माझी असते. हातातलं काम ठेवून मी पोत्यांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर आडवी होते. शहाबादी फरशी, एप्रिलमध्येही पाठीला गार. वर पंखा. कुणाला माहीत नाही मी कुठं आहे. झोपत नाही, फोनही बघत नाही, तो आतल्या खोलीत आवाज बंद करून ठेवलेला असतो. नुसती पडून राहते आणि गल्लीचे आवाज ऐकते. भंगारवाला, समोरचा कुकर, पलीकडच्या मागांची खटखट.

पाडवा होऊन आठवडा झाला असेल. मी तशीच आडवी होते. कडी वाजली. कुलूप घातलेल्या दाराची कडी एका विशिष्ट तऱ्हेनं वाजते, आधी कुलूप उचलून बघतात, मग कडी सोडतात. मग काहीतरी हाक आली, "अगं ए..." अशी, पुढचं समजलं नाही. पंख्याच्या आवाजात आवाज ओळखू आला नाही. मला वाटलं गिऱ्हाईक असेल, त्या कन्नड आजी असतील. आणि आमचा पंखा जुना आहे, फिरताना कट्‌कट्‌ करतो. बाहेर ऐकू गेलं तर? मी भिंतीकडं हात लांब केला आणि बटण खाली केलं. पाती हळूहळू थांबली. घाम यायला लागला. श्वाससुद्धा मी बेताबेतानं घेत होते. पायऱ्यांवरून कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला, तेव्हा मला अगदी सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं होतं, हे आता विसरता येत नाही.

दोन वाजता कुलूप काढलं तर शेजारच्या अक्का पिशवी घेऊन उभ्या. "तुमचं निपाणीचं आत्या आलं होतं की," त्या म्हणाल्या. त्यांचं मराठी असंच, कानडी वळणाचं, मला गोड वाटतं. "कुलूप बघून आमच्या पायरीवर बसले. पाणी दिलं, आत या म्हटलं तर नको म्हटले. येईल आता, येईल आता म्हणून तासभर बसले. मग बस चुकेल म्हणून गेले." आतल्या खोलीत फोनवर दोन मिस्ड कॉल. बारा दहा आणि बारा पस्तीस. बारा पस्तीसला मी फरशीवर होते. ती आणि मी, मधे एक भिंत आणि फार तर आठ-दहा फुटांची रस्त्याकडची जागा.

पिशवीत शाळूचं पीठ, पाच-सहा कैऱ्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पावशेर मिरची. वाटेत संकेश्वरला बस थांबली तेव्हा घेतली असणार. माझ्या घरात मिरचीची चार पोती आहेत हे तिला माहीत आहे. तरी आणली. पायरीवर जाऊन बघितलं, काय बघायचं होतं कोण जाणे. पायरीवर ऊन आलं होतं. ती बसली तेव्हाही आलं असेल.

फोन करायला मला रात्रीचे आठ वाजले. दुपारभर काय सांगायचं ते ठरवत होते. खरं सांगितलं असतं तर ती रागावली नसती, हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगवेना.

"डोळं दाखवाय आलते बेळगावात," ती म्हणाली. "मोतीबिंदू पिकाय लागलाय म्हणत्यात. बाईला बस फुकटच हाय, झिरोचं तिकीट, म्हटलं पोरीला बघून जावं." मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं मधेच तोडलं. "अगं गप. कुलूप बघून मला लई बरं वाटलं बघ. म्हटलं, चला, पोरगी भाईर तर पडली! मला कुठं गं दाराला कुलूप लावाय मिळालं? चाळीस वरसं त्या सुपाम्होरं. मयताला जायचं तरी कट्टा करून मग. तासभर बसले अक्काच्या पायरीवर, पण खरं सांगू, मनात म्हटलं, नको लवकर यायला, फिरू दे."

मी काहीच बोलले नाही.

"कुठं गेलतीस?"

"खडेबाजारात," मी म्हणाले.

"गर्दी हुती?"

"होती की. लग्नसराई ना."

"काय घेतलंस?"

"काही नाही गं. नुसतीच फिरले. गणपत गल्लीतून वर गेले, परत खाली आले." एकदा बोलायला लागल्यावर मला ते सगळं दिसायलाच लागलं. बांगड्यांची दुकानं, फुलांचे हारे, कपड्यांच्या दुकानातून रस्त्यावर येणारा गार वारा. मी थांबलेच नाही. एका कोपऱ्यावर उभं राहून उसाचा रस प्याले, तेही सांगितलं.

पलीकडं ती थोडा वेळ गप्प होती, मग खोकली.

"लिंबू घातलंतं न्हवं त्यात?" आत्तीनं विचारलं.